सिंहाचे गाल

देव हसला. बरं, एकदा हसून गप्प बसावं, तर तीनदा हसला, आणि तेही येन मू-शेंगच्या देखत, त्याच्याच वर्कशॉपमध्ये, रेझिनच्या रिकाम्या पिंपावर लाल कापड अंथरून त्याला मानानं बसवलेला असताना. मूर्तीचं तोंड काही हललं नाही. वीतभर लाकडाची मूर्ती ती, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळवंडलेली, तिचा चेहरा होता तसाच होता. पण देवळाच्या अध्यक्षांनी गुडघे टेकून, प्रश्न विचारून जमिनीवर टाकलेली कौलाची दोन लाकडं तिन्ही खेपेला उताणी पडली. चंद्रकोरीच्या आकाराची ही जोडी, एका अंगानं सपाट नि दुसऱ्या अंगानं फुगीर. एक उताणं, म्हणजे सपाट अंग वर, नि एक पालथं पडलं की होकार. दोन्ही पालथी पडली की नकार. आणि दोन्ही उताणी पडली की देव हसतोय, हे ताइनान शहरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लागोपाठ तीन होकार हवे होते. तीन नकार आले असते तरी मू-शेंग समजला असता. नकार आला की पुढं काय करायचं ते माणसाला कळतं, नाक मुरडत का होईना तो कामाला लागतो. हसणाऱ्यापुढं काय करणार? माणूस आधी आपल्या कपड्यांकडं बघतो, मग चेन लागलीय ना ते बघतो. मू-शेंगनं खरोखरच खाली बघितलं.

पिंपाच्या मागं टेम्पो उभा होता. भाजीच्या एका ठोक व्यापाऱ्यानं देवळाला दान दिलेला जुना निळा टेम्पो. त्याचे गंजके पत्रे उतरवून मू-शेंगनं पावसाळ्यापासून त्याला नवं अंग चढवायला घेतलं होतं. चाकांवर ज्वाळांच्या कमानी, दोन्ही बाजूंना ढग, आणि पुढं, जिथं या टेम्पोला मुळात नाकच नसतं, तिथं हातभर बाहेर आलेलं सिंहाचं तोंड. चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात तिसऱ्या राजकुमाराचा वाढदिवस असतो, त्या दिवशी राजकुमार या गाडीतून मिरवणार होता. हा राजकुमार म्हणजे पोरवयाचा देव, त्याच्यापुढं लोक उदबत्तीबरोबर लॉलीपॉप नि खेळण्यातल्या मोटारी ठेवतात. ज्वाळांना आणि ढगांना त्यानं मागच्या खेपेला झटक्यात होकार दिला होता. अडलं ते तोंडावर. फोम, माती आणि पुट्टीचं हे तोंड म्हणजे अजून नुसता नमुना. देवानं हो म्हटलं की नमुन्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून फायबरचं खरं तोंड. साचा अशासाठी, की मिरवणुकीत फटाक्यांनी दर वर्षी काही ना काही फुटतं, तेव्हा दुसरं काढता आलं पाहिजे. देवाच्या होकाराशिवाय यातलं काहीच पुढं सरकणार नव्हतं.

अध्यक्ष वेई गुडघे झाडत उठले. त्यांचं कोपऱ्यावर टायरचं दुकान होतं, आणि देवालाही ते टायरसारखंच दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलायचे. मूर्ती त्यांनी स्कूटरवरून छातीशी बांधून आणली होती, तान्ह्या पोराला बांधतात तशी. आल्या आल्या उदबत्तीवरून थोडी बाचाबाची झालीच होती. वर्कशॉपात ॲसिटोनचे डबे होते, आणि इथं उदबत्ती पेटवलीत तर राजकुमारांबरोबर आपण सगळेच वर जाऊ, असं मू-शेंगनं त्यांना ऐकवलं होतं. शेवटी उदबत्त्या बाहेर गल्लीत कुंडीत खोचल्या होत्या. आता अध्यक्षांना वाटत होतं की देव त्यामुळंच हसला असेल. राजकुमारांचे कपडे शिवणारी लो-आजी सोबत आली होती, ती म्हणाली की उदबत्तीचा राग आला असता तर तो हसला कशाला असता. मग अध्यक्षांनी मू-शेंगला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की समितीतली निम्मी माणसं पहिल्यापासून काओश्युंग शहरातल्या त्या वर्कशॉपच्या बाजूची आहेत, जिथं कॉम्प्युटरमध्ये चित्र घातलं की मशीन आपोआप फोम कोरून देतं. त्यांचं तोंड बंद ठेवायचं तर देवाचा होकार लवकर हवा.

"काय खटकलंय ते शोध, आ-शेंग," ते त्याला घरगुती नावानं हाक मारत म्हणाले. "तुझं तुलाच माहीत असणार."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. पण सगळे गेल्यावर मू-शेंग स्टुलावर बसला तेव्हा तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण त्याचं त्याला खरंच माहीत होतं.

गल्लीत दुपारचं ऊन होतं. पंखा गरम हवा इकडून तिकडं ढकलत होता आणि कोपराच्या आतल्या बाजूला काचेच्या धाग्यांची नेहमीची खाज सुटली होती. ती खाजवायची नसते, गार पाण्यानं धुवायची असते, हे माहीत असूनही तो आयुष्यभर खाजवत आला होता. समोर सिंह त्याच्याकडं बघत होता. नाक चपटं, कपाळावर तीन वळ्या, आणि गाल. काय गाल होते ते! टणक, गोल, वर चढलेले, जणू आत्ताच काहीतरी चोरून खाल्लंय आणि ते लपवता येत नाहीये. त्या गालांमुळंच सिंह जिवंत झाला होता. त्याच्या आधी कितीतरी दिवस ते मातीत जमत नव्हते. लावले की ओघळायचे, टिकले तर सपाट दिसायचे, आणि सिंह दातदुखीनं बेजार झाल्यासारखा वाटायचा. मग एका संध्याकाळी हात धुताना त्याची नजर भिंतीवर गेली. तिथं जुने साचे टांगलेले होते: घसरगुंडीची टोकं, टाक्यांची झाकणं, आणि मधोमध, धुळीनं माखलेला, डुकराच्या ढुंगणाचा साचा.

ते डुक्कर फार जुनं. बाजारापलीकडं वळणावर शिजवलेलं डुकराचं मांस आणि भात विकणारं एक दुकान होतं, त्याच्या मालकाला दारात उभं करायला कमरेएवढं डुक्कर हवं होतं. त्यानं मू-शेंगला बजावून सांगितलं होतं, की वळणावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी मागची बाजू दिसते, तेव्हा तोंड कसं का असेना, ढुंगण देखणं पाहिजे. मू-शेंग तेव्हा तरुण होता. त्याला कुणी 'देखणं कर' असं कधी म्हटलं नव्हतं. त्याची कामं म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि मैल्याच्या टाक्या, सगळी मापं छापील, साचे दुसऱ्याचे. अर्धी कामं लोकांच्या डोक्यावर आणि अर्धी जमिनीखाली, बघायला कुणी मान वर करत नाही की खड्ड्यात डोकावत नाही. त्या ढुंगणात त्यानं जीव ओतला. मातीवर तळवा फिरवत फिरवत तो तासन्‌तास बसायचा, डोळे मिटून, कारण गोलाई डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळते. डुक्कर झालं तेव्हा मालकानं लांबून बघून मान डोलावली, जवळून बघितलं, आणि थाड्‌कन एक चापट मारली. दुकान पुढं बंद पडलं, डुक्कर कुठं गेलं कुणास ठाऊक. साचा तेवढा राहिला. त्या संध्याकाळी मू-शेंगनं तो खाली काढला, पुसला, मेण चोळलं, त्यात रेझिन नि काचेच्या धाग्यांची मॅट बसवली, दुसऱ्या दिवशी तुकडा सुटून हातात आल्यावर मधोमध कापला, दोन्ही अर्धे आडवे फिरवून सिंहाच्या तोंडाला लावून बघितले, आणि एकटाच खो खो हसत सुटला. सिंह त्याच्याकडं बघून हसत होता. त्यानं कडा पुट्टीनं भरून घेतल्या, सगळं घासून एकसारखं केलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सांगणार कुणाला? मू-शेंगला गमती सांगता यायच्या नाहीत. लहानपणापासून हा घोळ होता. त्याला एखादी गोष्ट इतकी गमतीची वाटायची की पोटात दुखायचं, आणि तीच दुसऱ्याला सांगितली की ती हातातल्या हातात मरायची. लोक म्हणायचे, मग? पुढं? पुढं काही नसायचंच. एकदा एका गच्चीवर टाकी बसवताना त्याला दिसलं, की जुन्या टाकीच्या झाकणावर कुणीतरी कबुतरांसाठी पाण्याची वाटी ठेवलीय. म्हणजे खाली अख्खी टाकी पाण्यानं भरलेली आणि कबुतर त्या टाकीवर उभं राहून वाटीतलं पाणी पितंय. दिवसभर तो त्यावर हसत होता. घरी येऊन त्यानं त्साइ-युनला सांगितलं, ती मासा साफ करता करता ऐकत होती, आणि म्हणाली, वाटी धुतात का कधी कोण जाणे. बायको चांगली होती. प्रेमाची होती. पण तेव्हापासून आपल्या गमती आपल्याजवळ ठेवायची त्याला सवय लागली, आणि त्याचं त्याला वाईटही वाटेनासं झालं. वर्कशॉपात एकट्यानं काम करणाऱ्याला ते सोयीचंच असतं.

आणि आता कुणीतरी हसलं होतं. तीनदा. मू-शेंग देवाधर्माचा नव्हता. भांडण असं नव्हतं. देवळातली कामं तो आनंदानं करायचा, माणसं आत शिरून मिरवणुकीत नाचवतात त्या मोठ्या देवांची डोकी त्यानं फायबरमध्ये हलकी करून दिली होती, त्यांच्या पोकळ टाळक्यात हात घालून आतली काच गुळगुळीत केली होती. आत हात घातल्यावर श्रद्धा जरा पातळच होते. तो कधी गुडघे टेकायचा नाही, मागं उभा राहायचा, हात पुसत. पण हे कसं? या गालांचं मूळ जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. पुट्टीखाली काय आहे ते कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. योगायोग म्हणावं तर तीनदा? त्याला शाळेतल्यासारखं वाटायला लागलं, वहीत मागच्या पानावर गुरुजींचं चित्र काढलंय आणि गुरुजी शांतपणे मागच्या पानापासून वही चाळतायत. देवाच्या गाडीला डुकराचं ढुंगण! काओश्युंगवाल्यांना कळलं तर? समितीला? हे तोंड रस्त्यावरून जायला हवं होतं त्याला. इतकं हवं होतं की त्याची लाज वाटावी. ढोल वाजतायत, लोक दोन्ही बाजूंना उभे आहेत, आणि त्यांच्या नजरेच्या उंचीवरून, डोक्यावरून नाही नि पायाखालून नाही, आपण केलेली एक वस्तू चाललीय. एवढंच, बाकी आपलं नाव कुणी घेतलं नाही तरी चालेल. या वयात पुन्हा असं काम येणार नव्हतं. आणि ते आपण एका चावटपणापायी घालवून बसलो, असं त्याला स्वच्छ वाटलं.

त्साइ-युन सकाळी मासळीची पेज विकायची, दुपारी दुकान आवरून त्याच्यासाठी वाडगा घेऊन यायची. त्या दिवशी ती आली तेव्हा गल्लीतून बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होती. तिनं सिंहाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि पेज गार होतेय म्हणाली. तो खात होता. माशाच्या पोटाचा मऊ तुकडा तिनं नेहमीप्रमाणं तळाशी ठेवला होता, शेवटी सापडावा म्हणून.

"तुला बघून हसला असेल," ती म्हणाली. "मी नव्हते का हसले, पहिल्यांदा बघायला आलास तेव्हा?"

ती हसली होती खरी. चहा देता देता हसत सुटली होती आणि आईनं तिला आत ओढून नेलं होतं. घरी परतताना मू-शेंगनं आपल्या आईला सांगितलं होतं, इथं काही जमत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिकडून होकार आला. हे सगळं त्याला आत्ता आठवलं, पण त्याचं मन गालांवर होतं, त्यामुळं आठवलं आणि निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाल कापले. कटरचं पातं फायबरमध्ये शिरलं तेव्हा तो जळका गोड वास सुटला आणि पांढरी भुकटी उडून त्याच्या भुवयांवर बसली. सिंह दोन्ही बाजूंनी खोबणी पडून बघत राहिला. मग मू-शेंग मोठ्या देवळांपुढच्या दगडी सिंहांकडं जाऊन आला, हातांनी चाचपून आला, आणि परत येऊन नवे गाल मातीत घडवायला बसला: लांबट, खाली उतरणारे, ओठाशी कडक घडी असलेले. काम चांगलं होत होतं. या वेळी माती ओघळली नाही. बहुधा ओघळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पुट्टी लावून, आधी जाड, मग बारीक कागदानं घासून, पाणी मारून घासून त्यानं गाल तयार केले. आपण नीट वागतोय याचं एक समाधान असतं, पोलिसानं थांबवल्यावर हेल्मेट घातलेलं असावं तसं, ते त्याला मिळालं. मात्र काम संपल्यावर तो जवळ बसून राहिला नाही. हात धुतले आणि घरी गेला. सिंह आता न्यायालयाबाहेर बसवता आला असता.

ठरल्या दिवशी देव पुन्हा स्कूटरवरून आला. या वेळी मू-शेंगनं पिंप आधीच पुसून ठेवलं होतं. अध्यक्ष सिंहाभोवती फिरले आणि खूश झाले. याला म्हणतात रुबाब, म्हणाले, आता काओश्युंगवाल्यांना दाखवतो. लो-आजीनं मान तिरकी करून बघितलं. अध्यक्षांनी गुडघे टेकले, राजकुमारांना हे तोंड चालेल का असं आदरानं विचारलं, लाकडं टाकली. दोन्ही पालथी. पुन्हा विचारलं, दोन्ही पालथी. तिसऱ्यांदा ती पडली तेव्हा आवाजच वेगळा आला, ठप्प, दार आपटावं तसा. नकार, नकार, नकार. बाहेर गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज राहिला.

"आधी निदान हसत तरी होतं लेकरू," लो-आजी म्हणाली.

ती हे देवाच्या गळ्यातला लाल दोरा सारखा करता करता म्हणाली, कुणाला उद्देशून असं नाही. पण मू-शेंगच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला. लेकरू. तो मूर्तीकडं बघायला लागला. धुरानं काळा पडलेला तो चेहरा खरं म्हणजे पोराचा होता, हनुवटी गोल, डोळे मोठे, हे त्यानं इतकी वर्षं बघूनही बघितलं नव्हतं. त्याच्या लेखी देव म्हणजे अध्यक्षांसारखं कुणीतरी मोठं माणूस, चुका काढणारं. पोरं कशाला हसतात? चूक सापडली म्हणून? चूक सापडल्यावर हसतात ती मोठी माणसं. पोरं ढुंगणाला हसतात. पोरांना जगात त्याच्याइतकं गमतीचं काही वाटत नाही, आणि ज्याला हसतात ते त्यांना सोडवत नाही, पुन्हा पुन्हा दाखव म्हणतात. तीनदा हसला होता तो. पुन्हा, पुन्हा दाखव. आणि आपण काय केलं, तर त्याच्या हातातलं खेळणं काढून घेऊन तिथं न्यायाधीश बसवला.

अध्यक्ष सांगत होते, की आता त्यांचा नाइलाज आहे, समिती काओश्युंगला फोन करणार. मू-शेंगनं उद्या संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. एका दिवसात काय होणार, असं अध्यक्षांनी विचारलं, आणि तो म्हणाला, होईल. त्याचा आवाज इतका ठाम होता की अध्यक्षांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. एवढ्यात त्यांना दुकानातून फोन आला, कुठल्याशा ट्रकचं चाक फुटलं होतं, आणि मूर्ती पोटाशी बांधून ट्रककडं जाणं बरं दिसलं नसतं. मग राजकुमार उद्यापर्यंत इथंच राहतील असं ठरलं. लो-आजीनं पिंपावर लॉलीपॉप ठेवलं आणि मू-शेंगला दटावलं, त्याला अंधारात ठेवू नकोस, दिवा चालू ठेव.

सकाळी तो उजाडताच आला. शटर वर केलं तर राजकुमार पिंपावर बसलेला, लॉलीपॉपवर मुंग्यांची रांग. मू-शेंगनं मुंग्या झटकल्या. भिंतीवरचा साचा काढला, मेण चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. रेझिन डब्यात ओतून हार्डनर घालताना त्याचा हात थांबला, कारण वास सुटणार होता. त्यानं पंखा वळवला, मूर्तीकडून वारा साच्याकडं जाईल असा, आणि मग आपण हे काय केलं याचा विचार करत क्षणभर उभा राहिला. आपला स्वतःचा मास्क तो आठवड्यातून एकदा घालायचा. "नाक दाबून बस," तो मोठ्यानं म्हणाला. मग काही त्याला थांबता येईना. मॅटचे तुकडे फाडता फाडता तो सांगत राहिला: हे फाडायचं असतं, कापायचं नसतं, कापलं की कड उठून दिसते. हे बघ, पांढरं आहे तोवर आत हवा आहे, रोलर फिरवला की पारदर्शक होतं, आता खालचं दिसायला लागलं, दिसलं? काय दिसलं? ओळख बघू. वळणावरच्या दुकानाचं सांगितलं, मालकानं मारलेली चापट सांगितली. मग ते टाकीवरचं कबुतरही सांगून टाकलं. पिंपावरून कुणी म्हणालं नाही, मग? पुढं? रेझिन तापायला लागलं होतं. साच्याच्या पाठीवर तळवा ठेवला की आतली ऊब कळत होती, वाढत होती, आणि मू-शेंग तिथं तळवा ठेवून बसला होता, सकाळच्या उजेडात, अंगाला खाज सुटलेली, भूक लागलेली, आणि कित्येक वर्षांत नव्हता इतका सुखात. संध्याकाळी काय होईल याची भीती होतीच. पण ती जरा लांब, गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

दुपारपर्यंत तुकडा सुटला, कापला गेला, न्यायाधीशाचे गाल छिन्नीनं उडाले आणि त्यांच्या जागी जुने गाल बसले. पुट्टी, कागद, पाणी. त्साइ-युन वाडगा घेऊन आली, दारातच थांबली, आणि म्हणाली, आला का हा परत. वाडगा ठेवून ती गेली नाही. एक स्टूल ओढून बसली आणि त्याचं घासून होईपर्यंत सिंहाकडं बघत राहिली.

संध्याकाळी अध्यक्ष आले, लो-आजी आली, समितीतले दोघं आले, गल्लीतले चार रिकामटेकडे दाराशी जमले. अध्यक्षांचा चेहरा पडला. रुबाब सगळा गेला होता आणि मागचंच ते बदमाश तोंड परत बसलं होतं. गुडघे टेकून त्यांनी जुनाच प्रश्न विचारला आणि लाकडं टाकली. दोन्ही उताणी. दाराशी कुणीतरी उसासा टाकला. समितीतल्या एकानं खिशातून फोन काढला.

"थांबा," मू-शेंग म्हणाला. "प्रश्न चुकतोय. त्याला विचारा, आवडलंय म्हणून हसतोयस का."

अध्यक्ष म्हणाले, की देवाला असं विचारत नाहीत, देवाला परवानगी मागतात. समितीतले दोघंही तसंच म्हणाले. मू-शेंगला आणखी बोलायचं होतं, पण काय बोलणार, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्याला समोर दिसत होतं की इथं हे संपलं. फोनवर नंबर लागत होता. तेवढ्यात लो-आजी पुढं आली, वाकून तिनं जमिनीवरची लाकडं उचलली आणि अध्यक्षांच्या हातात कोंबली.

"विचार की," ती म्हणाली. "पोराला विचारायला तुझं काय जातंय?"

अध्यक्षांनी विचारलं. शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हते, तरी विचारलं. एक उताणं, एक पालथं. फोनवाल्यानं फोन कानावरून खाली घेतला. दुसऱ्यांदा विचारलं, होकार. तिसऱ्यांदा अध्यक्षांच्या हातून लाकडं जरा उंचावरून पडली. एक पालथं पडून लगेच गप्प झालं, दुसरं टोकावर उभं राहून गरगरत निघालं, टेम्पोच्या चाकापर्यंत गेलं, चाकाला लागलं, डुलत राहिलं. आयुष्यात मू-शेंगनं कशासाठी इतकी आशा धरली नव्हती, आणि तीसुद्धा एका लाकडाच्या तुकड्यावर. लाकूड उताणं पडलं.

सगळे एकदम बोलायला लागले. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आभार मान, आता तरी मान. मू-शेंग पुढं गेला, त्यानं गुडघे टेकले, आणि ते टेकल्यावर पुढं काय करतात ते ठाऊक नसल्यानं सरळ कपाळच जमिनीला लावलं. फरशीवर त्याच्याच कामाची पांढरी भुकटी होती, ती कपाळाला नि नाकाला चिकटली. आणि तिथं, तोंड खाली असताना, त्याला सगळं नीट कळलं: की येत्या महिन्यात अख्खं शहर दोन्ही बाजूंना उभं राहून या गालांना हात जोडणार आहे, अध्यक्ष जोडणार आहेत, समिती जोडणार आहे, काओश्युंगवाले आले तर तेही जोडतील, आणि ते खरे कसले गाल आहेत हे फक्त दोघांना ठाऊक असेल, आणि दुसरा आत्ता पिंपावर बसलाय. पोटातून हसू आलं. त्यानं ओठ दाबले, तर ते खांद्यांतून यायला लागलं. तो गदागदा हलत होता आणि थांबता येत नव्हतं. मागं आवाज बंद झाले. मग लो-आजीचा हात त्याच्या पाठीवर आला, हलका, सुईनं खरबरीत झालेला.

"रड बाळा, रड," ती म्हणाली. "पहिल्यांदा असंच होतं."

तिनं त्याच्या मुठीत कागदी रुमाल सरकवला. मू-शेंगनं तो डोळ्यांना लावला, आणि रुमाल खरंच भिजला. तोंड दाखवण्याजोगं होईपर्यंत तो तसाच वाकून राहिला, आणि आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.